कुत्रं दारातलं, पण लस कुणी द्यायची? कोर्टाच्या आदेशानंतर नांदेड-लातूरच्या गावांपुढचा खरा प्रश्न

नांदेड/लातूर : २०२५ साली कुत्र्यांचा विषय थेट सुप्रीम कोर्टात गेला. २८ जुलैला कोर्टानं दिल्लीतल्या कुत्रा चावण्याच्या घटनांची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश आला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला : नसबंदी करा, लस द्या आणि कुत्रं जिथून धरलं तिथंच सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी कुत्री सोडू नका. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशन इथून कुत्री हटवा आणि पुन्हा तिथं सोडू नका, असं त्यात आहे. हा आदेश फक्त दिल्लीपुरता नाही, सगळ्या राज्यांना आहे.

टीव्हीवर हा वाद शहराचा वाटतो. एकीकडं कुत्र्यांना खाऊ घालणारे, दुसरीकडं त्यांना वैतागलेले सोसायटीवाले. पण शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा पण आली, दवाखाना म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आलं आणि बसस्थानक म्हणजे तालुक्याचा एसटी स्टँड आला. दुपारच्या पोषण आहाराच्या वेळी शाळेच्या आवारात कुत्री जमतात, हे कोणत्याही गावात बघायला मिळतं. म्हणजे हा विषय मुखेड, देगलूर, किनवट, अहमदपूर, उदगीर, निलंगा या सगळ्या तालुक्यांचा आहे.

अडचण एकच आहे. गावात "मोकाट" आणि "पाळीव" अशी सरळ वाटणी होत नाही. आणि लस नेमकी तिथंच अडकते.

ना मोकाट, ना पाळीव

आखाड्यावर एक कुत्रं असतं. त्याला भाकर मिळते, ते राखण करतं, मालकाच्या मागं बांधाबांधानं फिरतं. पण त्याला पट्टा नाही, लस नाही, कुठं नोंद नाही. ते चावलं तर "आमचं नाही, गावचं हाय" असं उत्तर येतं. गल्लीतलं कुत्रं चार घरची भाकर खातं, मालक मात्र एकही घर नाही. मांजराचं तर त्याहून अवघड. ते घरात झोपतं, लेकरं त्याला मांडीवर घेतात, पण त्याला कधी दवाखान्यात नेल्याचं ऐकायला मिळत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये काढलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची. आखाड्यावरचं कुत्रं या दोन्हीच्या मधे पडतं. मालक म्हणतो ग्रामपंचायतीनं बघावं, ग्रामपंचायत म्हणते ज्याचं त्यानं बघावं. लस कुणीच देत नाही.

बैल, गाय, म्हशीचं असं होत नाही. लाळ-खुरकुताच्या लसीसाठी पशुसंवर्धन विभागाची माणसं गावात येतात. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगाव लसीकरण झालं. जनावर म्हणजे पैसा, म्हणून त्याची मोजदाद होते. कुत्र्या-मांजराच्या लसीसाठी अशी दारोदार मोहीम आपल्या भागात ठरलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. पण मोजणं वेगळं आणि टोचणं वेगळं.

कुत्र्यापासून गोठा दूर नाही

कुत्र्याची लस हा फक्त कुत्र्याचा प्रश्न नाही, हे नांदेड जिल्ह्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये पाहिलं. एका गावात धार्मिक कार्यक्रमात काल्याचा प्रसाद वाटला. ज्या जनावराचं दूध त्यात वापरलं, ते रेबीजनं मेल्याचं नंतर समजलं. गावात घबराट पसरली आणि दीडशेहून जास्त लोकांना खबरदारी म्हणून रेबीजची लस द्यावी लागली.

याबाबत घाबरण्याआधी दोन गोष्टी समजून घ्याव्यात. दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याचा सिद्ध पुरावा नाही आणि उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही. पण पिसाळलेल्या जनावराचं दूध वापरूच नये, कच्चं तर अजिबात नाही. खरा धोका दुधापेक्षा लाळेत आहे. गाय-म्हैस चारा खात नाही, गिळत नाही, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो, तेव्हा शेतकऱ्याला वाटतं की घशात काही अडकलं. मग हात घालून बघितलं जातं. हाताला बारीक चीर असली तरी विषाणूला वाट मिळते. असं जनावर दिसलं तर तोंडात हात घालू नका. आधी पशुवैद्यकाला फोन करा आणि कुत्रं चावलं होतं का, हे आठवून सांगा.

एका कुत्र्याला वेळेवर दिलेली लस म्हैस वाचवू शकते, हे गणित कोणत्याही शेतकऱ्याला कळतं. खासगीत रेबीजची एक मात्रा साधारण दोन-चारशे रुपयांत पडते. दुभत्या म्हशीची किंमत सांगायची गरज नाही.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त नोंदी झाल्या. त्यात महाराष्ट्राच्या सुमारे ४ लाख ८५ हजार. देशात रेबीजचे संशयित मृत्यू नोंदवले गेले ५४.

पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अंदाज वेगळा आहे. त्यांच्या हिशेबानं देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजनं ५,७०० हून जास्त माणसं मरतात. चावलेल्या दर पाच जणांमागं साधारण एकानं लसच घेतलेली नव्हती. सरकारी नोंद ५४ आणि अंदाज ५,७००. एवढा फरक पडतो, कारण बरेच मृत्यू दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. कुणी "बाहेरचं झालं" म्हणून देवाऱ्याकडं नेतं, कुणाला दवाखान्यातून घरी परत पाठवलं जातं, कारण लक्षणं सुरू झाल्यावर या रोगाला इलाज जवळपास नाही.

२०२५ च्या जूनमधली उत्तर प्रदेशातली घटना गावाकडच्या पोरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बुलंदशहर जिल्ह्यातल्या एका तरण्याबांड कबड्डीपटूनं नालीत पडलेलं कुत्र्याचं पिल्लू बाहेर काढलं. पिल्लू बोटाला चावलं. जखम बारीक, म्हणून लस घेतली नाही. काही महिन्यांनी रेबीजची लक्षणं सुरू झाली आणि तो गेला. पिल्लू होतं, दात लागले तेवढंच, असं म्हणून सोडून देणं किती महाग पडतं ते यातून दिसतं.

हाकलून का भागत नाही

बऱ्याच गावांत यावर सोपा तोडगा काढतात. कुत्री धरायची आणि दुसऱ्या गावच्या शिवारात सोडायची, नाहीतर विषाचा गोळा टाकायचा. विष घालणं गुन्हा आहेच, पण त्यानं रोगही जात नाही. एक टोळी गेली की मोकळ्या जागेत खरकटं तसंच असतं, म्हणून दुसरी टोळी येते. ती कुठून आली, तिला लस आहे का, कुणालाच माहीत नसतं. कोर्टाच्या नोव्हेंबरच्या आदेशानंतर हा धोका वाढू शकतो. एसटी स्टँडवरून उचललेली कुत्री ठेवायला तालुक्याच्या ठिकाणी निवारा लागतो. तो नसेल तर गाडी शेवटी कुठल्यातरी गावच्या हद्दीत रिकामी होईल, ही भीती खोटी नाही.

काय केल्यानं फरक पडतो, ते शेजारच्या गोव्यानं दाखवलं आहे. तिथं २०१३ पासून सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं मिळून कुत्र्यांचं लसीकरण सुरू केलं. पुढं ते वाढवत वर्षाला जवळपास १ लाख कुत्र्यांपर्यंत नेलं. घरची कुत्री मालकानं धरायची, मोकाट कुत्री जाळ्यानं धरायची, टोचायची, रंगाची खूण करायची आणि तिथंच सोडायची. सोबत शाळांत जाऊन लेकरांना माहिती दिली. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात माणसाचा रेबीजनं एकही मृत्यू नोंदला गेला नाही आणि कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की एखाद्या भागातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस असली तर रेबीजची साखळी तुटते. गावात मोजून पाहिलं तर कितीतरी कुत्री कुणाच्या तरी दारात भाकर खाणारी निघतील. म्हणजे ७० चा आकडा गाठण्याचं बरंचसं काम जाळी-गाडीशिवाय होऊ शकतं. ज्या माणसाच्या हातची भाकर कुत्रं खातं, तोच माणूस त्याला धरू शकतो. शहराला हे जमत नाही, गावाला जमतं.

कुत्र्या-मांजराच्या मालकानं काय करावं

रेबीजची लस : कुत्रं असो की मांजर, पहिली मात्रा ३ महिन्यांचं झाल्यावर. दुसरी त्यानंतर साधारण महिन्यानं. पुढं दरवर्षी एक. तारखेचं कार्ड मागून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

पिल्लांची दुसरी लस : पार्वो हा रोग पिल्लांना पटकन धरतो. उलट्या, घाण वासाची रक्ताची हगवण आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. यावरची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करतात आणि पिल्लू ४ महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी परत देतात. हगवण लागली तर घरगुती औषधात दिवस घालवू नका. शरीरातलं पाणी संपल्यानं पिल्लू मरतं, म्हणून सलाईन लवकर लागते.

जंत : पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, ३ महिन्यांपर्यंत. मोठ्याला दर ३ महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून विचारूनच द्या. बकरं कापल्यावर आतडी-फुप्फुसं कच्ची कुत्र्यापुढं टाकू नका. त्यातून कुत्र्याला जे जंत होतात, त्यांच्या अंड्यांमुळं माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात गाठी होतात.

गोचीड : गोठ्यातल्या जनावरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतू नका. मांजराला तर ते लावूच नका. जनावरांना आणि कुत्र्यांना चालणारी काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

माणसाच्या गोळ्या : ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. अर्ध्या गोळीनंही मांजर मरू शकतं. कुत्र्याला अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो.

विष : उंदराचं औषध, फवारणीचं उरलेलं औषध, रिकामे डबे आणि बीजप्रक्रिया केलेलं बी कुत्र्या-मांजराच्या वाटेत ठेवू नका. विष खाल्लं असं वाटलं तर तेल, तूप, मीठ पाजत बसू नका. औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

मेलेले पक्षी : जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांना बर्ड फ्लू असल्याचं निघालं. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या याच विषाणूनं मेले. मांजर हे वाघाच्याच कुळातलं. म्हणून कावळे, कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर मांजर-कुत्रं मोकळं सोडू नका, मेलेला पक्षी हातानं उचलू नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. कोंबडीचे कच्चे तुकडे मांजराला टाकण्यापेक्षा शिजवून द्या.

पिसाळलेलं कसं ओळखायचं

प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं धावून येतंच असं नाही. काही कुत्री एकदम गप्प होतात, अंधारात जाऊन बसतात, हाकेला येत नाहीत. जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, चाल अडखळते. काही कुत्री दगड, लाकूड, माती चावत सुटतात. गप्प पडलेल्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलं असं वाटतं आणि मालक हात घालतो. तसं करू नका. लक्षणं दिसल्यावर कुत्रं साधारण १० दिवसांच्या आत मरतं. मेल्यावर उघड्या हातानं ओढू नका. हातमोजे नाहीतर जाड प्लास्टिक वापरा, खोल खड्डा करून चुना टाका आणि पुरा.

घरच्या कुत्र्याला किंवा जनावराला संशयित कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं धुवा. धुताना हातमोजे घाला. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून लस सुरू करा. चावल्यानंतरच्या लसीचे एकापेक्षा जास्त डोस असतात, ते पूर्ण करा.

माणसाला चावलं तर

पहिलं काम घरातच करायचं. नळाच्या किंवा तांब्यानं ओतलेल्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. मिरची, चुना, हळद, तेल, तंबाखू काहीही भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. गावठी औषधाचा काढा पिऊन रेबीज टळत नाही.

मग त्याच दिवशी दवाखाना. पोटात १४ इंजेक्शनं, ही भीती आता मनातून काढून टाका. ती जुनी लस देशात बंद होऊन वीस वर्षं झाली. आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात चामडीत देतात, त्याचे दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, भरावं लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेलच असं नाही, म्हणून ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून विचारा. लेकराच्या तोंडाला, मानेला, हाताच्या बोटांना चावलं असेल तर एक तासही वाट बघू नका. याआधी लस पूर्ण घेतली असेल तर साधारण दोनच मात्रा लागतात, जुनं कार्ड सोबत न्या.

मांजराचं ओरखडणं पण यात मोजतात. चावणारं कुत्रं-मांजर घरचं असेल तर ते मारू नका, बांधून १० दिवस लक्ष ठेवा. पण ते १० दिवस संपायची वाट बघून लस लांबवू नका. लस सुरू करा. प्राणी दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर पुढच्या मात्रेचं डॉक्टर ठरवतील.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

२०३० पर्यंत कुत्र्यामुळं होणारा रेबीज संपवायचा, असं केंद्रानं २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठरवलं आहे. तारीख जवळ आली. गावपातळीवर मात्र आरोग्य विभाग चावल्यानंतर लस देतो, पशुसंवर्धन विभाग जनावरं बघतो आणि ग्रामपंचायत तक्रार आली की कुत्री हाकलते. कुत्र्याला लस द्यायचं काम तिघांच्या मधे पडून राहतं.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट बघायची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारता येतील. एक, गावात दारात भाकर खाणारी कुत्री-मांजरं किती, याची वॉर्डनिहाय यादी कोण करणार? दोन, पशुधन विकास अधिकाऱ्यांना पत्र देऊन वर्षातून एक दिवस लसीकरणाचं शिबिर कधी लावणार आणि लसीचा खर्च ग्रामपंचायत उचलणार की निम्मा मालक देणार? तीन, शाळेच्या आवारातलं आणि मटणाच्या दुकानामागचं खरकटं उघड्यावर पडू नये म्हणून काय करणार? शिबिरासाठी २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन धरता येईल. नसबंदीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते. जनावराच्या तातडीच्या सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

कोर्टानं काय करायचं ते सांगितलं, पण कोर्ट येऊन आखाड्यावरचं कुत्रं धरणार नाही. ते त्याच्या मालकाच्याच हाकेला येतं. म्हणून सुरुवात त्यानंच करायची आहे : भाकर घालतो तर हे कुत्रं माझं, आणि माझं असेल तर त्याची लसही माझीच. निम्म्या गावानं एवढं मानलं तरी उरलेल्या मोकाट कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतीला जाब विचारायचा हक्क त्या गावाला मिळतो. तोपर्यंत "गावचं हाय" एवढ्या उत्तरावर लेकरू, म्हैस आणि कुत्रं, तिघांचाही जीव टांगलेला राहील.